सात नंबरचा फ्लास्क

एकोणीस वर्षं मी रोज सकाळी साडेसातला बारा फ्लास्कना जेवू घातलं. दिवाळी, नागपंचमी, ताप, पंचगंगेचा पूर, एक दिवस म्हणून सुटला नाही. लेकीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा मी पिवळ्या हातांनी प्रयोगशाळेत आले होते. सरांनी मला दारातच अडवलं. "सारिका, हळद जंतू मारते. आधी हात धू, मग लेकीचं लग्न लाव." मी चिडून म्हटलं, "लग्न भटजी लावतात, सर. मी नाही." पण धुतले. दोनदा धुतले.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, ते राहिलेच, आणि मी कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. सगळ्यांना मी 'पोवारबाई'. डॉ. विलास इंगवले सरांना मात्र पहिल्या दिवसापासून सारिका. दोन विषय राहिलेल्या बाईला शेजारी बसवून जंतूंची वंशावळ समजावून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

प्रयोग काय होता ते सांगते. मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

काही जंतूंना पोहायला एक शेपटी असते आणि तिच्या बुडाशी एक मोटर. खरीच मोटर, गरगर फिरणारी, पन्नासेक सुट्या भागांची. यातला एखादा महत्त्वाचा भाग काढला की मोटर बंद. यावरून जगभर वाद. एक बाजू म्हणायची, सगळे भाग एकदम जागेवर असल्याशिवाय जी चालतच नाही, ती मोटर थोडी थोडी करून घडलीच कशी? अर्धी मोटर कुणाच्या कामाची? म्हणजे कुणीतरी ठरवून, जुळवून बनवली असणार. दुसरी बाजू म्हणायची, अर्धी मोटर मोटर म्हणून कामाची नसेल, पण दुसऱ्या कुठल्या तरी कामाची असेलच. निसर्ग नवे भाग ओतत नाही, घरातलेच जुने काढून भलतीकडे लावतो.

सर दुसऱ्या बाजूचे. त्यांनी एका जातीचे जंतू घेतले आणि त्यांच्यातून मोटरची सगळीच्या सगळी जनुकं काढून टाकली. मग ते बारा फ्लास्कमध्ये ठेवले. वर जेमतेम अन्न, खाली पातळ जेलीचा थर आणि त्याच्या तळाशी भरपूर साखर. ज्याला हलता येईल त्याला साखर. रोज सकाळी प्रत्येक फ्लास्कमधले थोडे जंतू ताज्या फ्लास्कमध्ये न्यायचे, एवढंच माझं काम. दिवसाला सहा-सात पिढ्या. एकोणीस वर्षांत सेहेचाळीस हजार पिढ्या झाल्या. माणसाच्या मापानं दहा लाख वर्षं.

आणि एकच नियम. भरवायचं, बदलायचं, पण हात लावायचा नाही. म्हणजे बाहेरचं काही आत टाकायचं नाही, आतलं काही सुधारायचं नाही. सर म्हणायचे, "सारिका, आजकाल जनुकं छापायचं यंत्र इचलकरंजीच्या ज्युनियर कॉलेजातसुद्धा आहे. उद्या कुणीही कुठलाही जंतू छापून आणेल आणि म्हणेल, बघा, आपोआप घडला. आपल्याकडं दाखवायला एकच गोष्ट आहे. आपण हात लावला नाही."

ते दाखवता यावं म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक फ्लास्कमधले थोडे जंतू नळीत भरून आम्ही उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचो. गोठलेले जंतू मरत नाहीत, थांबतात. प्रत्येक फ्लास्कचा एक डबा, त्यावर माझ्या अक्षरात लेबल. सर त्याला जिना म्हणायचे. शेवटच्या पायरीवर काही दिसलं तर खालच्या सगळ्या पायऱ्या दाखवता आल्या पाहिजेत.

दर आठवड्याला परीक्षा असायची. जेलीच्या ताटलीत मधोमध एक थेंब टाकायचा. जंतू पोहत नसतील तर दुसऱ्या दिवशी तिथंच नुसता ठिपका. पोहत असतील तर गोल पसरतो. तुलनेला शेजारी मूळ जातीचा, मोटर न काढलेल्या जंतूंचा थेंब असायचा. तो रातोरात पुरीएवढा पसरायचा. बाकीचे बारा ठिपकेच. मी रजिस्टरात बारा वेळा लिहायचे, ठिपका, ठिपका, ठिपका. पुढं पुढं तर मी ताटल्या नीट बघायच्या आधीच लिहून टाकायचे. हे लक्षात ठेवा. याचं मला पुढं फार भोगावं लागलं.

सरांचा जिवलग दोस्त म्हणजे मुरलीधर सुतार, सगळ्यांचे मुरलीअण्णा. शाळेपासून एका बाकावरचे. अण्णांची शिरोलीला फौंड्री, पाण्याचे पंप बनवायचे. पण धंदा मोठा झाला तरी लाकडाचा पॅटर्न स्वतः कोरायचे. आधी लाकडात कोरायचं, मग त्याचा साचा, मग ओतकाम. हातात इतकी कला असलेला माणूस, तो कसा मानणार की मोटर आपोआप होते?

दर खंडेनवमीला दोघांची जुगलबंदी ठरलेली. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कारखान्यात मशिनं, रिक्षावाल्याची रिक्षा, आणि आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक, पिपेट, वाफेनं कचरा निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, सगळ्याला हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. आधी घासूनपुसून साफसफाई, मग पूजा, आणि पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्याला विश्रांती. सर देवाला मानत नसत, पण हत्यारांना मानायचे. फक्त माझे बारा फ्लास्क आणि भरवायची एक पिपेट यांना सूट होती. भूक खंडेनवमी बघत नाही, असं सर म्हणायचे.

त्या दिवशी अण्णा एक पंप घेऊन यायचे आणि त्यातला एक भाग खिशात लपवायचे. मग विलासचं शाळेपासून इल्या केलेलं, त्या नावानं सरांना हाक मारायचे. "इल्या, चालव बघू."

"चालत नाही," सर म्हणायचे.

"मग मर्दा, एवढ्याशा भागावाचून पंप चालंना, आणि तुझी मोटर म्हणं निम्मीशिम्मी असताना पिढ्यान् पिढ्या जगली? हात लागल्याबिगार काय घडत न्हाई. लाकूड मी चाळीस वर्षं दारात ठेवलंय, त्याचा कधी पॅटर्न झाला न्हाई."

"तुझं लाकूड पोरं घालत नाही, मुरल्या."

मग दोघं हसायचे आणि माझ्याकडं चहा मागायचे. चहा करायला मात्र कुठलंच हत्यार विश्रांतीला नसायचं.

सरांच्या पोटात गाठ निघाली त्या वर्षीच्या श्रावणात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळी कठीण. सर रडले नाहीत. घरी दिवाणखान्यात खाट टाकून घेतली आणि मला रोज फ्लास्क भरवून झाल्यावर यायला सांगितलं. मी दारात चप्पल काढायच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "काय म्हणतोय सात?"

सात नंबर त्यांचा लाडका. का, तर तो सगळ्यात मठ्ठ. बाकीच्या फ्लास्कमधले जंतू निदान भराभर वाढायचे, सातचे गुठळ्या धरून बसायचे. घरातल्या मागं पडलेल्या पोरावर आईबापाचा जीव असतो तसा सरांचा त्याच्यावर होता.

"ठिपका, सर," मी म्हणायचे.

"असू दे. आज ना उद्या." मग भिंतीकडं तोंड करायचे.

एक दिवस वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सारिका, झोपेत बडबडतात गं. म्हणतात, आयुष्य पाण्यात गेलं." मला भडभडून आलं. ज्या माणसानं मला दोन विषय राहिलेली बाई असं कधी एका शब्दानं जाणवू दिलं नाही, तो माणूस आपण नापास झालो म्हणून जाणार? माझा निसर्गावर संताप झाला. खरंच झाला. म्हटलं, एवढ्या सेहेचाळीस हजार पिढ्या वाट बघायला लावलीस, आता एक थेंब द्यायला तुझं काय जातंय मेल्या?

आणि मग मला तो थेंब कुठं आहे ते आठवलं.

खंडेनवमीला साफसफाई झाली, पूजा झाली, पेढे वाटले, सगळे घरी गेले. हत्यारं हार घालून गप्प बसली होती. मी एकटीच फ्लास्क भरवत होते. तुलनेच्या मूळ जंतूंची नळी शेजारीच होती. मोटरवाले, पोहणारे. मी त्यातला एक थेंब घेतला आणि सात नंबरमध्ये सोडला. मग सातचा एक थेंब ताटलीत टाकला. पाप करताना हात थरथरतो म्हणतात, तसं काही नसतं. लेकराला औषध पाजताना असतो तसा माझा हात स्थिर होता.

दसऱ्याच्या सकाळी ताटलीत गोल उमटला होता. मी ती रुमालात गुंडाळून सरांच्या घरी नेली. अण्णा आधीच आलेले, आपट्याची पानं घेऊन. सरांना मी नुसती ताटली दाखवली. त्यांचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. खाटेवरून उठायचं बळ नसलेला माणूस कोपरावर टेकून बसला.

"कुठला?"

"सात."

"सात!" ते म्हणाले. "अगं बाई, सात!"

मग त्यांनी ताटली उजेडाकडं धरली. "हे दोन गोल का गं? बाहेर एक मोठा, आणि आत हा लहान, वेडावाकडा?"

मी पाहिलं. खरंच दोन होते. "जेली नीट धरली नसेल, सर."

"आतला बघू." त्यांनी वहिनींना कॉलेजच्या दिवसांतला जुना पितळी सूक्ष्मदर्शक काढायला सांगितला. आतल्या गोलातला कण काचपट्टीवर मी ठेवला. सर डोळा लावून किती तरी वेळ बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "लंगडतायत गं! मुरल्या, लंगडतायत! थोडं पुढं जातात, गिरकी घेतात, अडकतात, परत पुढं."

मला माहीत होतं मूळ जंतू कसे पोहतात. सुळकन सरळ जातात, वळतात, परत सुळकन. लंगडत नाहीत. म्हटलं, औषधांनी सरांची नजर गेलीय. असू दे. दिसेल ते दिसू दे.

अण्णांनीही डोळा लावला. मग म्हणाले, "व्हय. लंगडतंय." खिशातून आपट्याचं पान काढलं, सरांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटली. "घे सोनं. हरलो गड्या."

सरांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. "सारिका, एकोणीस वर्षं. आपण कधी हात लावला नाही ना?"

"नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी तिथूनच पुण्याला नौशीनला फोन लावला. डॉ. नौशीन मुजावर, त्यांची विद्यार्थिनी, आता मोठ्या संस्थेत. तिच्याकडं वंशदर्शक आहे. हे यंत्र नवंच आलंय. थेंबातला एकेक जंतू वेगळा वाचतं आणि कोण कुणाचा बाप, कोण कुणाचा नातू, असं झाड काढून देतं. सर फोनवर ओरडून सांगत होते, "फ्लास्क ने आणि फ्रीजरमधला सातचा डबाही ने. शहात्तर नळ्या. सगळा जिना आहे आपल्याकडं, पोरी!"

सर समाधानानं जावेत एवढंच मी बघितलं होतं. मागून कुणी मोजमाप करेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता त्या जिन्याला पायऱ्या दिसणार नव्हत्या. काल ठिपका, आज मोटर, मध्ये काहीच नाही. सरांच्या तिरडीवर 'लबाड' म्हणून शिक्का बसणार, आणि तो मी मारलेला.

माझ्या अर्धवट डोक्यानं ठरवलं, जुन्या नळ्याच नसल्या तर तुलना कशाशी करणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हत्यारांची विश्रांती संपली. खंडेनवमीच्या साफसफाईचा सगळा कचरा पोत्यांत साठला होता, कारण ऑटोक्लेव्हलाही हार घातलेला. तो काढला आणि मी कचरा वाफवायला लावला. त्यात सात नंबरचा डबा घातला. शहात्तर नळ्या, एकोणीस वर्षं. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. नियमानं. झेंडूचा हार मी तसाच त्या पोत्यात टाकला.

सर कोजागिरीच्या आदल्या दिवशी गेले. मुठीत ते पान होतं. वहिनी म्हणाल्या, इतक्या वर्षांत असे शांत कधी झोपले नव्हते. मी मनाशी म्हटलं, सारिका, केलंस ते बरं केलंस. महिनाभर मी तसंच मानलं.

नौशीन येऊन सातच्या फ्लास्कमधला नमुना घेऊन गेली होती. डब्याचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, साफसफाईत चुकून गेला असेल. तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं, पण सरांचं नुकतंच झालेलं, म्हणून विषय तिथंच सोडला. तीन आठवड्यांनी ती पुन्हा कोल्हापूरला आली. अण्णा प्रयोगशाळेत सहज येऊन बसलेले. नौशीन आत आली ती पळतच.

"सारिकाताई, सात नंबरमध्ये दोन जाती आहेत. एक मूळ जात. ती बाहेरून पडलीय, कधीतरी थेंब उडाला असेल, ते जाऊ दे. पण दुसरी!" तिला दम लागला होता. "दुसरी आपलीच आहे. मोटर काढलेली, सरांची. तिनं नवीन मोटर केलीय, ताई. जुनी नव्हे. या जंतूंमध्ये विष सोडायला एक पिचकारी असते ना, तीच उलटी फिरवलीय. पिचकारीची दांडी म्हणजे शेपूट, आणि फिरवायला भलत्याच कामाचा एक पंप जोडलाय. नीट चालत नाही. लंगडते. पण चालते! सर म्हणायचे तसंच. हे एका रात्रीत झालेलं नाही, दोन-चार वर्षं तरी चाललं असणार. आता फक्त जुन्या नळ्या हव्यात. डबा शोधा, ताई. प्लीज. कुठं तरी असेल."

मी खाली बसले. स्टुलावर नव्हे, फरशीवर. मला सरांचा आवाज ऐकू आला, आतला बघू. म्हणजे त्यांची नजर गेली नव्हती. त्यांनी पाहिलं ते खरं होतं. माझा थेंब बाहेरचा मोठा गोल होता, आणि आतला वेडावाकडा त्यांचा स्वतःचा. मी काही केलं नसतं, तरी त्या दिवशी ताटलीत तो उमटलाच असता.

मी सगळं सांगितलं. थेंब, वाफ, सगळं. नौशीन आधी ऐकत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"निदान रजिस्टर," ती म्हणाली. "दोन वर्षांपासून थोडं तरी पसरत असणार. कडा फाटल्यासारख्या दिसल्या असतील. तुम्ही लिहिलं असेल काहीतरी."

कडा मी पाहिल्या होत्या, देवाशप्पथ पाहिल्या होत्या. सातचा ठिपका वर्ष-दोन वर्षं जरा फिसकटलेला दिसायचा. मला वाटलं, माझाच हात आता म्हातारा झाला, थेंब नीट पडत नाही. मी रजिस्टर काढून तिच्यापुढं ठेवलं. नऊशे अठ्ठ्याऐंशी आठवडे. सगळीकडं ठिपका.

"का पण, ताई?" ती रडत म्हणाली.

चौकशी समितीचे तिघं आले. एक बाई, दोन पुरुष, तिघंही सभ्य. कॉलेजच्या सभागृहात मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पोवारबाई, सात नंबरमध्ये मूळ जात तुम्ही टाकलीत?"

"होय."

"आणि दुसरी, नवी मोटर असलेली?"

"नाही. ती मी टाकली नाही. ती तिथलीच आहे."

"जुन्या नळ्या तुम्ही नष्ट केल्यात. का?"

"लपवायला."

"काय लपवायला?"

"थेंब."

"एकच थेंब?"

"एकच."

बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या, उलट त्यांना माझी कीव येत होती. म्हणाल्या, "हे बघा, नवी मोटर कुणीही छापून आणू शकतं. तुमच्याच कॉलेजात यंत्र आहे, त्याची किल्ली तुमच्याकडे असते. तुम्ही खोटं बोललात, पुरावा जाळलात आणि आता म्हणता, त्यातलं अर्धंच माझं. आम्ही कशाच्या आधारावर मानायचं?"

आधार मी वाफवला होता.

नौशीन तावातावानं भांडली. निदान एखादी नळी उरली असती तर तिथून पुन्हा सुरू करून परत तसंच घडतं का, हे बघता आलं असतं. बाकीच्या अकरा फ्लास्कमध्ये काहीच नव्हतं, ते आजही ठिपकेच आहेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं तर एकोणीस वर्षं, आणि ते घडेलच असं नाही. तिला सांगण्यात आलं, तुमच्या गुरूंबद्दल आम्हाला आदर आहे, पण विषय बंद करा.

मग बातम्या आल्या. 'मोटर घडली, पण हातानं.' ज्यांना हवं होतं त्यांनी मिरवणुका काढायच्याच बाकी ठेवल्या. सभांमधून माझं नाव न घेता सांगायचे, पाहा, शेवटी कुणाचा तरी हात लागलाच ना? सरांच्या नावानं ठेवलेली व्याख्यानमाला रद्द झाली. वहिनींनी मला घरी यायचं बंद कर असं म्हटलं नाही. फक्त मी गेले की त्या आतल्या खोलीत जायच्या. मी चार वेळा गेले. पाचव्यांदा गेले नाही.

एका सकाळी अण्णा आले. साडेसातला, फ्लास्क भरवायच्या वेळेला. मी अजून भरवत होते, चौकशी समितीचा आदेश येईपर्यंत. त्यांच्या हातात नौशीननं काढलेलं त्या नव्या मोटरचं मोठं चित्र होतं, कुठल्याशा वर्तमानपत्रात छापलेलं. माझ्यापुढं टेबलावर पसरलं. मला वाटलं, आता हे काय बोलतात. जिंकलेला माणूस. शाळेपासूनचा दोस्त माझ्यामुळं बदनाम झालेला.

"पोरी," अण्णा म्हणाले, "मी चाळीस वर्षं पॅटर्न कोरले. माणसाच्या हाताचं काम मला कळतं. हे बघ." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "ही दांडी उलटी बसलीय. हितं सांधा नको व्हता तितं सांधा. ह्यो भाग तर कायच करत न्हाई, नुसता लोंबतोय, आणि त्याच्यापायी सगळं अडकतंय. एखाद्या पोरानं असं करून आणलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. जनुक छापणारा कितीबी गाढव असला तरी चांगल्या मोटरची नक्कल करंल, अशी लंगडी बनवंल व्हय?" त्यांनी बोट उचललं. "हे कुठल्या कारागिराचं काम न्हाई. हे कुणी बनवलेलंच न्हाई. इल्या बरोबर व्हता."

"मग सांगा ना सगळ्यांना, अण्णा," मी म्हटलं.

"सांगितलं की. तीन ठिकाणी सांगितलं. म्हणतात, मित्राच्या प्रेमापोटी बोलतोय म्हातारा." त्यांनी चित्राची घडी घातली. "मी जन्मभर सांगितलं हात लागतो, तवा टाळ्या वाजवल्या. आता म्हणतोय न्हाई लागला, तर कुणी ऐकंना."

त्या दिवशी आम्ही दोघंही चहा प्यायलो नाही.

आदेश मार्गशीर्षात आला. अकरा फ्लास्क नष्ट करायचे, सात नंबर पुण्याच्या संग्रहात गोठवून ठेवायचा, योग्य लेबल लावून. न्यायला नौशीनच आली. अकरा फ्लास्क मी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले. झाकण लावताना मला रडू फुटलं, कारण त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. सातचे जंतू नळीत भरले. भरण्याआधी एक थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, ठिपका असं आधीच न लिहिता. लंगडत होते. थोडं पुढं, गिरकी, अडकून बसणं, परत पुढं. सरांनी मरताना हेच पाहिलं होतं आणि मी त्यांना वेडं समजले होते.

नौशीननं माझ्यापुढं कोरं लेबल ठेवलं. तिच्या फोनवर समितीनं ठरवून दिलेला मजकूर होता. ती म्हणाली, "माझ्यानं नाही लिहवणार, ताई. आणि सगळ्या नळ्यांवर तुमचंच अक्षर आहे."

लेबल कसं लिहायचं ते मला सरांनी शिकवलं होतं. नंबर आधी, मग तारीख, मग काय आहे ते. शाई वाळेपर्यंत बोट लावायचं नाही.

मी लिहिलं. सात. तारीख. त्याखाली, मानवनिर्मित.

अक्षर चांगलं आलं.